बर्फाची मात्रा : हर्णै बंदरावरील एका मुरगळलेल्या घोट्याचे प्रकरण

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव सुरू असतो तेव्हा बर्फ कोणी मोजत नाही. कारखान्यातून आलेल्या लाद्या फोडल्या जातात, चुरा मासळीच्या क्रेटमध्ये पडतो, क्रेटमधून वाळूवर सांडतो आणि बैलगाडीच्या चाकाखाली विरघळून जातो. जिथे बर्फ इतका हाताशी असतो तिथे मुका मार लागला किंवा पाय मुरगळला तर तो लावण्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. आणि त्यामुळेच तो किती थंड आहे, नेमका कुठे ठेवायचा आणि कधी काढायचा हे प्रश्नही विचारले जात नाहीत. दापोली तालुक्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना बर्फाने आराम पडलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले. बर्फानेच इजा झाली आणि पुढे मोजून दिलेल्या बर्फानेच वेदना आटोक्यात आली, असा रुग्ण मात्र एकच पाहिला. त्या प्रकरणाने माझी स्वतःची काम करण्याची पद्धत बदलली, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांचा उल्लेख मी 'मावशी' असा करते, कारण दवाखान्यातही मी त्यांना याच नावाने हाक मारत असे.

घटना

मावशींचे वय ५४ वर्षे. संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दापोलीच्या बाजारात बसून विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. नऊ वर्षांपासून मधुमेह असून गोळ्या चालू आहेत. नोव्हेंबर महिन्यातल्या एका संध्याकाळी बांगड्याची पाटी डोक्यावर घेऊन ओल्या सिमेंटवरून उतरत असताना त्यांचा डावा पाय खवल्यांवरून घसरला, पाऊल आत वळले आणि अंगाचा व पाटीचा असा दोन्ही भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आला. काही मोडल्याचा आवाज झाला नाही, पण कळ मस्तकात गेली. दोघींच्या आधाराने त्या चार-पाच पावले लंगडत चालल्या आणि एका पालथ्या क्रेटवर बसल्या. अर्ध्या तासात घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली.

घरी नेल्यावर मुलाने चुरा बर्फ आणला. मासळी खारवण्यासाठी ठेवलेले जाडे मीठ घरात होतेच. गणपतीत शेजारी कोठीचे आईस्क्रीम करताना बर्फात मीठ घातलेले त्याने पाहिले होते, आणि मिठाने बर्फ 'कडक' होतो एवढे त्याच्या लक्षात राहिले होते. आईला लवकर बरे वाटावे या एकाच हेतूने त्याने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि त्यावर दोन मोठ्या मुठी मीठ घातले, गाठ मारली, पिशवी थेट घोट्यावर ठेवली आणि वरून ओढणीने घट्ट बांधली. दहाएक मिनिटांत कळ थांबली, पाय बधिर झाला, आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या मावशींचा डोळा लागला.

झोपेत पिशवी घसरली आणि पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडी मागे येऊन थांबली. सुमारे तासाभराने सुनेने ओढणी सोडली तेव्हा तिथली कातडी पांढरी, मेणासारखी आणि बोटाला टणक लागत होती. सुनेने तो भाग चोळला नाही, चुलीजवळही शेकला नाही. स्वतःच्या कोपराने पाणी तपासून पाय कोमट पाण्यात ठेवला. त्या रात्री त्या घरात झालेली ही सर्वांत योग्य गोष्ट होती. गोठलेली कातडी चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते, आणि मधुमेहाच्या पायाला चुलीची धग कळेलच याचा भरवसा नसतो. पांढरा डाग लाल झाला, आग होऊ लागली, आणि सकाळपर्यंत तिथे पाण्याने भरलेला फोड आला.

मिठाने काय केले

स्वच्छ पाण्याचा बर्फ वितळत असतो तेव्हा त्याचे तापमान शून्य अंश सेल्सिअसवर स्थिर राहते. शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तो शून्याखाली जात नाही आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता कातडीतून ओढून घेत राहतो. आपल्या पेशींमधल्या द्रवात क्षार विरघळलेले असल्याने तो शून्याच्या किंचित खाली गोठतो; म्हणून वितळणारा साधा बर्फ थोडा वेळ लावला तर कातडी गोठत नाही. फार वेळ ठेवला तर तोही मज्जातंतूंना आणि बारीक रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो, पण ती इजा वेगळ्या प्रकारची असते. मीठ घातले की हे सगळे गणित बदलते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ अधिक वेगाने वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच घेतली जात असल्याने मिश्रण शून्याच्या बरेच खाली उतरते. योग्य प्रमाणात, म्हणजे सुमारे २३ टक्के मीठ असताना, ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. आईस्क्रीमच्या कोठीला नेमके हेच हवे असते.

पुढच्या भेटीत मी मुलाला हे दवाखान्यात करून दाखवले, कारण तो स्वतःला दोष देत बसला होता आणि नुसत्या शब्दांनी त्याचे समाधान होत नव्हते. स्टीलच्या भांड्यात चुरा बर्फ घेतला, थोडे पाणी घातले आणि त्यात थर्मामीटर ठेवला. काटा शून्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. मग मूठभर जाडे मीठ घालून ढवळले. भांड्याच्या बाहेरच्या बाजूला आधी दव आले, मग ते दव पांढरे होऊन भांड्याला चिकटले, आणि काटा उतरत उतरत उणे दहाच्याही खाली गेला. मुलगा बराच वेळ त्या पांढऱ्या थराकडे पाहत होता. "म्हणजे आईच्या पायावर हे बसलं होतं," एवढेच तो म्हणाला.

वैद्यकाच्या इतिहासात मीठ-बर्फाच्या या मिश्रणाला स्वतःचे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जेम्स अर्नॉट या इंग्रज डॉक्टरने वेदना बधिर करण्यासाठी आणि कर्करोगाच्या गाठी गोठवण्यासाठी ते वापरले होते. तिथे गोठवणे हाच उद्देश होता आणि डॉक्टरचे लक्ष सतत त्या जागेवर होते. मुरगळलेल्या घोट्याला गोठवायचे काहीच नसते.

तपासणी

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आल्या. पावलाच्या वरच्या बाजूला सुमारे चार सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद असा न फुटलेला फोड होता. तो मी फोडला नाही. प्रथम त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. तिथे ड्रेसिंग झाले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले गेले आणि रक्तातील साखर तपासली गेली. साखर वाढलेली होती, त्यामुळे जखम भरेपर्यंत गोळ्यांची मात्रा डॉक्टरांनी बदलली.

घोट्याचे हाड मोडले आहे का, हे ठरवण्यासाठी ओटावा नियम वापरले. कॅनडात १९९२ साली मांडले गेलेले हे नियम सोपे आहेत, आणि एक्स-रेसाठी रुग्णाला हर्णैहून दापोलीला पाठवायचे की नाही असा प्रश्न येतो तेव्हा फार उपयोगी पडतात. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाचा मागचा सहा सेंटिमीटरचा कडेचा भाग किंवा टोक दाबल्यावर दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेचे पाचव्या बोटाकडे जाणारे हाड किंवा आतल्या बाजूचे नौकाकृती हाड दुखते का, आणि रुग्ण इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळी चार पावले टाकू शकतो का, एवढे पाहायचे असते. मावशी चार पावले टाकू शकल्या, पण बाहेरच्या घोट्याचे टोक दाबल्यावर त्यांनी पाय मागे ओढला. त्यामुळे एक्स-रे काढला. हाड शाबूत होते.

अस्थिबंध, म्हणजे सांध्याची हाडे एकमेकांना जोडणारा पट्टा, किती ताणला आहे हे त्या दिवशी ठरवण्याचा मी आग्रह धरला नाही. सूज आणि कळ यांमुळे रुग्ण स्नायू आवळून धरतो आणि चाचणी फसवते. चार-पाच दिवसांनी केलेली तपासणी अधिक खरी उतरते. पाचव्या दिवशी टाच पुढे ओढून पाहिली तेव्हा डावा घोटा उजव्यापेक्षा थोडा सैल होता, पण शेवटी घट्ट अडत होता. बाहेरच्या पुढच्या अस्थिबंधाचा काही भाग फाटला असून तो पूर्ण तुटलेला नाही, असा निष्कर्ष काढला.

यापुढची तपासणी या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची ठरली. मधुमेहात पायाची संवेदना बहुधा बोटांकडून वर कमी होत जाते, मोजा चढवावा तशी. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा दोन्ही पायांना ठिकठिकाणी टेकवून पाहिला. दोन्ही अंगठ्यांच्या टोकांवर आणि तळव्याच्या पुढच्या भागात मावशींना तो कळला नाही. टाचेवर, घोट्याच्या दोन्ही बाजूंना आणि नडगीवर प्रत्येक वेळी कळला. गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्यांतला फरक घोट्यावर अचूक सांगता आला, बोटांवर सांगता आला नाही. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी दोन्ही पायांत लागत होती. थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचा किंवा थंडीने अंगावर गांधी उठण्याचा पूर्वेतिहास नव्हता.

अनेक ठिकाणी अशा रुग्णाला बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय बुडवायला सांगितले जाते. मी स्वतः पूर्वी तसे सांगितले आहे. या पायाबाबत तो सल्ला धोक्याचा ठरला असता, कारण बादलीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त थंडी बोटांना लागते, आणि या पायाची बोटे 'आता पुरे' असे सांगू शकत नव्हती. थंडावा द्यायचाच असेल तर तो फक्त घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर, तळहाताएवढ्या जागेत, बोटे आणि फोड पूर्ण वगळून द्यावा लागणार होता.

द्यायचा तरी कशासाठी

फोड ताजा असताना पहिले तीन दिवस त्या पायाला मी बर्फ दिलाच नाही. दाबपट्टी, झोपताना उशांवर पाय उंच, कुबडीच्या आधाराने थोडे चालणे आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, एवढ्यावर काम चालवले. शेजारच्या बायकांनी सुचवलेला आंबेहळदीचा लेप मावशींना लावायचा होता. फोडापासून दूर, अखंड कातडीवर लावायला मी हरकत घेतली नाही, फक्त घासून चोळू नका आणि फोडाला लेपाचा हात लावू नका एवढे सांगितले.

चौथ्या दिवशी अडचण उभी राहिली ती वेदनेची. शून्य ते दहाच्या मापावर मावशी बसल्या जागी तीन सांगत होत्या, पण पाऊल वर ओढायला सांगितले की सात. कळीच्या भीतीने त्या पाऊल हलवतच नव्हत्या, आणि न हललेला घोटा दिवसेंदिवस आखडत होता. दवाखान्यात मी थंडाव्याचा विचार केला तो यासाठी, सूज घालवण्यासाठी नव्हे. वेदना थोडा वेळ कमी करायची आणि त्या वेळात घोटा हलवून घ्यायचा, एवढाच हेतू होता.

हा फरक महत्त्वाचा का आहे, हे थोडे सविस्तर सांगते. अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'राइस' हा शब्द रूढ केला, आणि पुढची तीन-साडेतीन दशके तो जगभर घोकला गेला. याच मिर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्ही गोष्टी भरून येण्याला मदत करण्याऐवजी विलंब करू शकतात. इजेनंतर येणारी दाहक्रिया ही दुरुस्तीची पहिली पायरी असते; तिथे येणाऱ्या पेशी मोडतोड उचलतात आणि नव्या उतींची सोय करतात. २०१२ मधल्या, अशाच आद्याक्षरांच्या 'पोलीस' या सूत्राने विश्रांतीच्या जागी बेताचा भार आणला, आणि २०१९ मध्ये द्युब्वा आणि एस्क्युलिए यांनी मांडलेल्या 'पीस अँड लव्ह' या सूत्रात बर्फाचा समावेशच नाही. तरीही थंडाव्याने वेदना कमी होते याबद्दल वाद नाही. त्वचेचे तापमान एरवी ३२ अंशांच्या आसपास असते. ते साधारण १३ अंशांच्या खाली आले की वेदनेचा संदेश नेणाऱ्या तंतूंचा वेग मंदावतो आणि जागा काही काळ बधिर होते. तेव्हा बर्फ हे वेदनेचे औषध आहे, जखम भरण्याचे नाही, असे मानून मी तो वापरते.

अनुभवातूनही मला हे आधीच दिसले होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि बर्फ मिळणे दुरापास्त झाले होते. कौले चढवताना, पडलेली झाडे तोडताना घोटे आणि मनगटे मुरगळलेले कितीतरी लोक त्या काळात आले. विहिरीच्या पाण्याने भिजवलेले फडके, दाबपट्टी आणि लवकर सुरू केलेली हालचाल यांवर ते बरे झाले. बर्फ नसल्याने त्यांना जास्त दुखले, ही गोष्ट खरी. पण घोटे भरून यायचे राहिले नाहीत.

कसा दिला

चौथ्या दिवशी पहिली वेळ दवाखान्यात घेतली. जुन्या सुती लुगड्याचा एक पदर दुहेरी करून त्याची लहान पिशवी शिवून घेतली होती. त्यात साध्या पाण्याच्या बर्फाचा बारीक चुरा, दोन मुठींपेक्षा थोडा जास्त भरला आणि पिशवी नळाखाली पूर्ण भिजवली. ओलेपणा आवश्यक असतो. कोरड्या जाड टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ कातडीपर्यंत थंडावा पोहोचू देत नाही. बाहेर टॉवेल गार लागतो आणि आत घोटा तसाच राहतो. बारीक चुऱ्याची पिशवी घोट्याच्या उंचवट्याभोवती मऊ बसते, तर मोठे तुकडे हाडावर टोचतात आणि मधे पोकळी राहते. फोडावर कोरडे ड्रेसिंग आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण होते. बोटे कोरड्या मोज्यात झाकली. पिशवी बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली, दुखऱ्या अस्थिबंधावर हाताने धरली. बांधली नाही, कारण बांधलेली पिशवी घसरते हे आम्ही पाहिले होते, आणि घट्ट बांधल्यास दाब व थंडी एकत्र होऊन इजेची शक्यता वाढते.

थंडाव्याच्या चार अवस्था रुग्णाला आधीच सांगाव्यात: आधी गार लागते, मग चुरचुर किंवा आग होते, मग ठणकते आणि शेवटी बधिर होते. दुसऱ्या अवस्थेत बरेच रुग्ण घाबरून पिशवी काढतात. मावशींच्या बाबतीत मात्र या जाणिवांवर विसंबायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून घड्याळ समोर ठेवले आणि दर दोन मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहिली. गुलाबी चालेल, पांढरट, निळसर किंवा जाळीदार रंग दिसला की लगेच थांबायचे. आठ मिनिटांवर थांबलो. कातडी एकसारखी गुलाबी होती आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग लगेच परतत होता.

आठच मिनिटे का, असे मुलाने विचारले, कारण सगळे वीस मिनिटे सांगतात. थंडावा आत किती वेळात पोहोचेल हे कातडीखालच्या चरबीवर अवलंबून असते. २००२ मध्ये मांडीच्या स्नायूवर झालेल्या एका अभ्यासात कातडीची घडी (चिमटीत धरून मोजलेली कातडी आणि चरबीची जाडी) दहा मिलिमीटरपर्यंत असलेल्यांत ठराविक खोलीवर तापमान सात अंशांनी उतरायला सुमारे आठ मिनिटे लागली, तर तीस ते चाळीस मिलिमीटर घडी असलेल्यांत जवळजवळ एक तास. घोट्यावर चरबी नसतेच म्हटले तरी चालेल. वीस मिनिटांचा नियम तिथे डोळे झाकून लावण्याचे कारण नाही. शिवाय २००६ मध्ये घोट्याच्या लचकीवरच झालेल्या एका तुलनेत दहा मिनिटे बर्फ, दहा मिनिटे खंड आणि पुन्हा दहा मिनिटे बर्फ असे घेणाऱ्यांना सलग वीस मिनिटे घेणाऱ्यांपेक्षा पहिल्या आठवड्यात हालचाल करताना कमी दुखले होते. जिथे मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो, उदाहरणार्थ गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकाशी किंवा कोपराच्या आतल्या खाचेत, तिथे जास्त वेळ बर्फ ठेवल्याने पंजा उचलता न येणे किंवा करंगळी बधिर होणे असे प्रकार घडलेले आहेत. म्हणून या दोन जागांबाबत मी प्रत्येक रुग्णाला वेगळी सूचना देते.

पिशवी काढली, पाय कोरडा केला आणि लगेच हालचाल सुरू केली. पाऊल वर ओढताना सात असलेली वेदना आता तीन होती. बसल्या जागी पाऊल वर-खाली, मग हवेत बोटाने अक्षरे काढणे, मग टॉवेलच्या पट्टीने पाऊल हळू ओढणे. हा बधिरपणा वीस-पंचवीस मिनिटे टिकला. उभे राहून तोल सांभाळण्याचे व्यायाम मात्र या वेळात घेतले नाहीत. थंडीने बधिर झालेला सांधा स्वतःची स्थिती मेंदूला नीट कळवत नाही, आणि अशा वेळी पुन्हा पाय वळण्याची भीती असते. ते व्यायाम सकाळी, बर्फाशिवाय घेतले.

मधे घडलेले

सातव्या दिवशी एका नातेवाइकाने मुंबईहून निळ्या जेलची पिशवी आणली आणि घरच्यांनी ती फ्रीजरमध्ये ठेवली. सून ती मला दाखवायला घेऊन आली हे फार चांगले झाले. फ्रीजरमधून काढून थर्मोकोलच्या डब्यात आणलेल्या त्या पिशवीचे तापमान उणे चौदा भरले. लोकांना जेलची पिशवी सौम्य वाटते, कारण ती ओघळत नाही आणि रंगीत असते. प्रत्यक्षात फ्रीजरमधून काढलेली जेलची पिशवी किंवा मटारची पिशवी वितळणाऱ्या बर्फापेक्षा बरीच थंड असते. ओल्या जाड फडक्यातून, थोडा वेळ बाहेर ठेवून ती वापरता येते, पण मावशींच्या पायासाठी मी ती नाकारली आणि बंदरावरच्या साध्या बर्फावरच राहिले. घरी द्यायची परवानगी आठव्या दिवसापासून दिली, तीही फक्त सुनेला, दिवसातून दोनदा, व्यायामाच्या आधी, घड्याळ लावून आणि मावशी जाग्या असतानाच.

नवव्या दिवशी मावशींनी बाजाराला जायचे ठरवले. बर्फ लावून पाय बधिर करायचा आणि मग चार तास बसायचे, असा त्यांचा बेत होता. "ताई, दुखत नसेल तर बसायला काय हरकत?" हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि ज्या घराचा चरितार्थ रोजच्या पाटीवर चालतो तिथे तो अपेक्षितही होता. दुखणे थांबले म्हणजे अस्थिबंध जुळला असे नव्हे, बधिर पायावर टाकलेला चुकीचा भार कळणार नाही, हे मी समजावले. शेवटी आमच्यात ठरले ते असे: सून मासळी उतरवेल आणि ने-आण करेल, मावशी पाय क्रेटवर उंच ठेवून फक्त विक्री करतील, आणि बाजाराआधी बर्फ नाही. त्यांनी हे पाळले. मला वाटते, पूर्ण विश्रांतीचा हट्ट मी धरला असता तर यातले काहीच पाळले गेले नसते.

परिणाम

सूज आठच्या आकड्यासारखी टेप फिरवून मोजली. पहिल्या दिवशी डावा पाय उजव्यापेक्षा तीन सेंटिमीटरने जास्त होता, दोन आठवड्यांनी एक सेंटिमीटरने, पाच आठवड्यांनी फरक उरला नाही. या उताराचे श्रेय मी बर्फाला देत नाही. दाबपट्टी, उंची आणि हालचाल यांचा त्यात मोठा वाटा असावा, आणि काही भाग नुसत्या दिवसांचा. थंडाव्याने नेमके काय दिले ते दुसऱ्या मोजमापात दिसते. भिंतीला गुडघा टेकवताना अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो हे आम्ही पाहिले. उजव्या पायाला नऊ सेंटिमीटर जमत होते. डाव्या पायाला चौथ्या दिवशी बर्फाआधी एक, बर्फानंतरच्या व्यायामाअखेर तीन. दहाव्या दिवशी पाच. चौथ्या आठवड्यात आठ. दहाव्या दिवसानंतर बर्फाशिवायही व्यायाम जमू लागला, तेव्हा बर्फ बंद केला. औषधाची गरज संपली होती.

एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि बर्फ नसता तरी मावशी बऱ्या झाल्या असत्या असे मला वाटते, फक्त आखडलेला घोटा सोडवायला जास्त दिवस लागले असते आणि दुखणे जास्त सोसावे लागले असते. या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. मधुमेही रुग्णाच्या पायाला थंडावा देण्याआधी नायलॉनच्या धाग्याची चाचणी आता कधीच टाळत नाही, आणि 'बर्फ लावा' एवढेच कोणाला लिहून देत नाही. कोणता बर्फ, कशात, कुठे, किती मिनिटे आणि त्यानंतर काय, हे सगळे लिहिते. गोळीचे नाव लिहून मात्रा न लिहिणे आपण कोणत्याही डॉक्टरकडून चालवून घेणार नाही.

फोडाची जखम भरायला जवळजवळ चार आठवडे लागले. घोट्यापेक्षा पायावरची ती थंडीची इजाच मावशींना अधिक काळ पुरली. जानेवारीच्या अखेरीस त्या शेवटच्या तपासणीसाठी आल्या तेव्हा एका पायावर डोळे उघडे ठेवून तीस सेकंद उभ्या राहिल्या, नव्या रबरी तळव्याच्या चपला त्यांनी मुद्दाम दाखवल्या, आणि पाटी पुन्हा स्वतः उचलत असल्याचे सांगितले. पावलावर फिकट गुलाबी डाग होता. सकाळच्या गारव्यात तिथे अजून मुंग्या येतात, असे त्या म्हणाल्या. नायलॉनचा धागा डागावर दहा ठिकाणी टेकवला. आठ ठिकाणी त्यांना कळला, मधल्या दोन ठिकाणी कळला नाही. त्या दोन जागा पेनाने कागदावर रेखाटून ठेवल्या आहेत आणि मे महिन्यात पुन्हा पाहायच्या आहेत.